ज्वारीचा दाणा, मोती आणि अलंकारांचा अभ्यास

शाळू

माझी पुतणी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतेय. जानेवारीत आम्ही दोघी गावी, मंगळवेढ्याला, हुरड्याला गेलो होतो. आगटीशी बसल्या बसल्या तिनं वही माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "काकू, माझे अलंकार घे." मी पहिलंच विचारलं, उत्प्रेक्षा म्हणजे काय? तिनं एका दमात सांगितलं, "जणू, जणूकाय, गमे, वाटे, भासे, की." मी म्हटलं, हे तर शब्द झाले, उत्प्रेक्षा कुठाय? ती थांबली. मग मीच विचारलं, "'मला वाटतं, आज पाऊस येईल.' यात 'वाटतं' आहे. झाली का उत्प्रेक्षा?" ती म्हणाली, "नाही झाली. पण का नाही झाली ते मला सांगता येत नाहीये."

तिचं हे उत्तर माझ्या मनातून जाईना, कारण दहावीत मीही असेच अलंकार पाठ केले होते. व्याख्या, ओळखायची खूण आणि एक ठरलेलं उदाहरण. पेपरात तेच उदाहरण आलं की गुण मिळायचे, दुसरं आलं की अंदाजपंचे. पुढे इतकी वर्षं कविता वाचल्या, पण हा विषय त्या वहीतच मिटून राहिला होता.

त्या दिवशी आम्ही वही बाजूला ठेवली. हुरड्याचे दाणे हिरवे, म्हणून घरात जाऊन पोत्यातली मूठभर मालदांडी ज्वारी आणली. टपोरे, पिवळसर पांढरे, तुकतुकीत दाणे. चांगल्या ज्वारीला आमच्याकडे 'मोत्यासारखी' म्हणतात, त्यामुळे जोडी आयतीच मिळाली. ठरवलं असं, की जोडी बदलायची नाही, दोघांमधलं नातं तेवढं बदलत जायचं.

"दाणे मोत्यांसारखे आहेत." दोन वस्तू वेगळ्या हे कबूल, सारखेपणा सांगितला, ही उपमा. "दाणे जणू मोतीच." इथे मन अर्धं पलीकडे गेलं, तरी दाणा हा दाणाच आहे हे ठाऊक आहे. ही उत्प्रेक्षा. आणि इथंच पुतणीला तिच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. पाऊस येईल असं वाटणं हा नुसता अंदाज आहे, त्यात एका वस्तूच्या जागी दुसरी कल्पिलेलीच नाही! "ज्वारीच्या मोत्यांनी कणगी भरली" म्हटलं की रूपक. "हे दाणे नव्हेत, मोती आहेत" म्हटलं की दाण्याचं दाणेपणच नाकारलं, म्हणून अपन्हुती. "दाणे म्हणू की मोती?" हा ससंदेह. "यंदा रानात मोती पिकलेत" यात दाण्याचं नावच उरलं नाही, मोत्यानं त्याला गिळून टाकलं. ही अतिशयोक्ती, आणि हे वाक्य तर गावात कुणीही बोलता बोलता बोलतं. "मोत्यानं पोट भरत नाही, दाण्यानं भरतं" हा व्यतिरेक.

अनन्वय पुतणीनं स्वतः केला. "मंगळवेढ्याच्या ज्वारीसारखी मंगळवेढ्याचीच ज्वारी." केल्यावर म्हणाली, "काकू, यात मोती गेला कुठं?" खरंच, मोती निघून गेला होता. उपमानाची, म्हणजे ज्याच्याशी तुलना करायची त्या वस्तूची, जागा रिकामी झाली, तिथं जाऊन बसायला ज्वारीशिवाय कुणी नव्हतं. अनन्वयाची व्याख्या मी पन्नासदा वाचली असेल, पण ती कळली त्या क्षणी.

भ्रांतिमान, म्हणजे एक वस्तू बघून ती दुसरीच आहे असा खरोखर भ्रम होणं, तो मात्र अडला. मी केला तो असा: "बाईच्या गळ्यातल्या मोत्यांवर चिमणीनं चोच मारली." काहीतरी खटकतंय, पण नेमकं बोट ठेवता येत नाही.

तुम्ही अलंकार कसे शिकलात, मुलांना कसे शिकवता, ते वाचायला आवडेल. श्लेष आणि यमक आम्ही अजून हातातच घेतलेले नाहीत.

अनुस्वार

फार सुंदर धागा. खुणेच्या शब्दांनी मीही फसलोय. 'की' उत्प्रेक्षेच्या यादीत असतो आणि ससंदेहाच्याही. मग नुसता 'की' बघून काय ओळखणार?

मला एक शंका आहे. रूपकात दाणा म्हणजे मोती, अपन्हुतीतही दाणा म्हणजे मोती. 'नव्हे' हा एक शब्द सोडला तर दोघांत फरक काय राहिला?

बोरू

शाळूताई, आगटीशी बसून तुम्ही जे केलंत, तेच सोळाव्या शतकात अप्पय्य दीक्षितांनी 'चित्रमीमांसे'त केलं आहे. त्यांची जोडी मुख आणि चंद्र. चंद्रासारखं मुख ही उपमा, मुखासारखा चंद्र म्हटलं की प्रतीप, मुख हाच चंद्र म्हटलं की रूपक, हे मुख की चंद्र असा संशय आला की ससंदेह, चंद्र समजून चकोर तुझ्या मुखामागे धावले की भ्रांतिमान, हा चंद्रच, मुख नव्हे म्हटलं की अपन्हुती. अशी मोठी मालिका लावून ते म्हणतात:

उपमैका शैलूषी संप्राप्ता चित्रभूमिकाभेदान् ।
रञ्जयति काव्यरङ्गे नृत्यन्ती तद्विदां चेतः ॥

शैलूषी म्हणजे नटी. उपमा ही एकच नटी आहे, काव्याच्या रंगभूमीवर वेगवेगळ्या भूमिका घेऊन ती नाचते आणि जाणकारांचं मन रिझवते. मी संस्कृत शिकवताना पहिल्या तासाला हाच श्लोक फळ्यावर लिहीत असे. भरताच्या नाट्यशास्त्रात अलंकार चारच आहेत: उपमा, रूपक, दीपक आणि यमक. मम्मटाच्या काव्यप्रकाशात नुसते अर्थालंकार ६१ झाले, अप्पय्य दीक्षितांच्या कुवलयानंदात ते शंभराच्या वर गेले. ही संख्या बघून मुलं घाबरतात. नटी एकच आहे हे कळलं की भीती जाते.

अनुस्वार, तुमची शंका रास्त आहे. रूपकात दोन्ही नावं शेजारी शेजारी नांदतात. अपन्हुतीत खरी ओळख आधी पुसावी लागते, आणि पुसण्यासाठी तिचं नाव घ्यावंच लागतं. शाळेतलाच हा श्लोक पुन्हा सावकाश वाचा:

न हे नभोमंडल, वारिराशी
न तारका, फेनचि हा तळाशी
न चंद्र हा, नावचि चालताहे
न अंक तो, तीवर शीड आहे

पहिल्या ओळीत आकाश नाकारून समुद्र मांडला. एकदा समुद्र मानला की चांदण्यांना फेस व्हावंच लागतं, चंद्राला नाव व्हावं लागतं. आणि शेवटी चंद्रावरचा डाग! त्याला कुठे जागा द्यायची? तो शीड झाला. 'नव्हे' या एका शब्दावर कवीनं अख्खं आभाळ उलटं करून दाखवलंय. रूपकाला 'नव्हे'ची गरज नसते, कारण तिथं भांडण नसतं.

आता चिमणी. ताई, तुम्हाला खटकलं ते योग्यच. भ्रांतिमान झाला आहे, पण तो मोत्याचा झाला, ज्वारीचा नाही. आपण कुणाबद्दल बोलतोय, हा प्रश्न आधी विचारायचा. ज्याचं वर्णन चाललंय ते उपमेय. चिमणीच्या वाक्यात समोर मोती आहेत आणि चिमणीला ते दाणे वाटले, म्हणजे मोती उपमेय झाले आणि दाणे उपमान. तुमची जोडी तीच राहिली, जागा उलटल्या. ज्वारीचा भ्रांतिमान हवा असेल तर कुणाला तरी दाणे बघून मोती वाटले पाहिजेत, आणि त्या चुकीतून त्यानं काही केलं तर अलंकार जास्त खुलतो.

एक आग्रहाची सूचना. जगन्नाथ पंडितानं रसगंगाधरात दुसऱ्याचं एकही उदाहरण घेतलेलं नाही, सगळी स्वतः रचली. सुरुवातीलाच तो सांगतो, की पोटात कस्तुरी निर्माण करण्याची शक्ती असलेलं हरीण फुलांचा वास मनात तरी आणील का? तो मोठा मानी पंडित होता, अप्पय्य दीक्षितांचं खंडन करणारा ग्रंथही त्यानं लिहिला. पण शिकणाऱ्यासाठी त्याची ही रीत सगळ्यात चांगली आहे. पुतणीला सांगा, प्रत्येक अलंकाराचं एक उदाहरण तिचं स्वतःचं असलंच पाहिजे.

शाळू

बोरूसर, आता लख्ख कळलं. पुतणीला फोनवर वाचून दाखवलं. अर्ध्या तासानं तिचा निरोप आला: "खळ्यावर आलेल्या पोरीनं सुईदोरा मागितला आणि ज्वारी ओवायला बसली." 'मोती' हा शब्द न घेता केलंय. मी दोनदा वाचलं आणि मला ती पोर दिसली.

बोरू

उत्तम. सुईदोऱ्यानंच सगळं सांगितलं. तिला माझ्याकडून शाबासकी द्या.

मांडवीतीर

आमच्या गोंयातलं एक उदाहरण इथं ठेवावंसं वाटतं. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला. त्याचं क्रिस्तपुराण १६१६ साली राशोलला छापलं गेलं, लिपी रोमन पण भाषा मराठी, आणि छंद ओवीचा. त्यात मराठीबद्दल तो म्हणतो:

जैसी हरळांमाजि रत्नकिळा । कि रत्नांमाजि हिरा निळा ।
तैसी भासांमाजि चोखळा । भासा मराठी ॥
जैसी पुस्पांमाजि पुस्प मोगरी । कि परिमळांमाजि कस्तुरी ।
तैसी भासांमाजि साजिरी । मराठिया ॥

उपमेय एक, उपमानं ओळीनं लावलेली, म्हणजे मालोपमा. मला यातलं 'हरळ' फार आवडतं. हरळ म्हणजे बारीक खडे. खड्यांत चमकणारं रत्न असं म्हणताना बाकीच्या भाषांना खडे म्हटलं गेलं, ते पुढच्या ओळीत सावरलंय, कारण तिथं बाकीच्या भाषा फुलं झाल्या आहेत. परक्या देशातून आलेला माणूस मालोपमेची ही चाल इतकी आतून उचलतो, याचा अर्थ त्यानं आपल्या ओव्या कानानं ऐकल्या असणार. अलंकार आधी कानावर पडावा, नाव नंतर कळावं, असं मला फार वाटतं.

परीक्षार्थी

सगळं वाचतोय आणि खूप शिकतोय. पण ताई, आमच्या पेपरात एका प्रश्नाला मिनिटसुद्धा मिळत नाही. गावाकडून येऊन अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलाला 'जणू म्हणजे उत्प्रेक्षा' हेच सोपं पडतं. खुणा अजिबात सोडून द्यायच्या का?

शाळू

अजिबात नको. खूण ही आठवण करून द्यायला चांगली असते, तिच्यावरच सगळा भार टाकला की घात होतो. मी पुतणीला आता दोनच प्रश्न विचारायला सांगते. वर्णन कुणाचं चाललंय? आणि दुसरी वस्तू त्याच्याजवळ किती आली आहे? शेजारी उभी आहे, अंगावर आली आहे की गिळून बसली आहे? सवय झाली की याला दहा सेकंद पुरतात. तुम्ही रोज जेवताना ताटातल्या एका पदार्थावर करून बघा, आठवडाभरात हात बसेल. आणि काही अडलं तर इथं निःसंकोच विचारा, आम्ही सगळे आहोत.

गिरणाकाठ

बहिणाबाईंचं नाव अजून कसं आलं नाही? मी खान्देशातली, माझे अलंकार त्यांच्या ओव्यांवरच शिकून झाले.

अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर
आधी हाताले चटके, तव्हा मियते भाकर

शाळेत आम्हाला विचारायचे: उपमेय संसार, उपमान तवा, साधर्म्यवाचक शब्द 'जसा', साधारण धर्म कोणता? वर्गातली सगळी मुलं लिहायची 'तापणे'. माझ्या आईनं मात्र मला चुलीपुढे बसवलं आणि भाकरी टाकायला लावली. नवशिकी, दोन्ही बोटं भाजली. भाकरी फुगल्यावर ती म्हणाली, आता सांग, तव्यात आणि संसारात सारखं काय? नुसतं तापणं नाही. आधी चटका आणि मग भाकर, ही पाळी सारखी आहे. एका गुणाऐवजी घडणाऱ्या गोष्टींचा क्रमच साधारण धर्म झालाय. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं.

आणि दुसरी ओवी, "मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर." यात 'जसा' नाही, मन हेच ढोर, म्हणून रूपक. पण सगळा जोर 'उभ्या पिकातलं' यावर आहे. गोठ्यातलं ढोर म्हटलं असतं तर काहीच झालं नसतं. पुढं पीक दिसतंय, हाकलणारा कितीही हाकलो, ते वळून तिथंच येणार. ज्यानं पिकातून गुरं हाकलली आहेत त्यालाच हे रूपक सुचणार.

बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. १९५१ मध्ये त्या गेल्या, आणि त्यांची गाणी पुस्तकरूपानं आली १९५२ मध्ये. रूपक हा शब्द त्यांच्या कानावर गेला असेल-नसेल, रूपक मात्र त्यांच्याइतकं कुणाला साधलं?

इंद्रायणी

गिरणाकाठताई, डोळ्यांत पाणी आलं.

मी वारकरी घरातली आहे, आमच्याकडे ज्ञानेश्वरीचं पारायण असतं. लहानपणापासून 'माउलींचे दृष्टान्त' हा शब्द ऐकत आले. पहिल्या अध्यायातला हा माझा सगळ्यात आवडता:

जैसे शारदियेचे चंद्रकळे । माजीं अमृतकण कोंवळे ।
ते वेंचिती मनें मवाळें । चकोरतलगे ॥
तियापरी श्रोतां । अनुभवावी हे कथा ।
अति हळुवारपण चित्ता । आणूनियां ॥

चकोराचं पिल्लू जसं चांदण्यातले कोवळे अमृतकण मऊ मनानं वेचतं, तशी ही कथा अनुभवावी. ऐकताना श्रोत्यानं कसं असावं, याची इतकी हळवी सूचना मी दुसरीकडे वाचलेली नाही. दृष्टान्त अलंकार शिकवायचा तर ज्ञानेश्वरीतूनच शिकवावा असं माझं मत आहे.

बोरू

इंद्रायणीताई, ओव्या तुम्ही निवडल्या त्या अमृतच आहेत. पण शास्त्राच्या हिशेबानं हा दृष्टान्त अलंकार नाही, उपमा आहे. 'जैसे... तियापरी' असं सादृश्य शब्दानं सांगितलं की ती उपमाच, मग ती दोन शब्दांची असो की दोन ओव्यांची. दृष्टान्तात दोन वाक्यं समोरासमोर ठेवतात, बिंब आणि प्रतिबिंबासारखी, आणि मधला 'जैसे' गाळतात. तो दुवा वाचकानं जोडायचा असतो. परीक्षेच्या दृष्टीनं हा फरक महत्त्वाचा आहे.

इंद्रायणी

सर, तुमचा मान ठेवून सांगते, हे मला पूर्ण पटत नाही. मराठीत दृष्टान्त या शब्दाला स्वतःची मोठी परंपरा आहे. महानुभावांचा दृष्टान्तपाठ तेराव्या शतकातला. चक्रधरस्वामींनी सांगितलेले ११४ दृष्टान्त केसोबासांनी त्यात एकत्र केले. आधी सूत्र, मग दृष्टान्त, मग दार्ष्टान्तिक, म्हणजे गोष्टीतलं सिद्धान्ताला लागू करून दाखवणं. तिथं दृष्टान्त म्हणजे समजावून सांगण्यासाठी दिलेली गोष्ट. कीर्तनकार आजही तोच अर्थ घेतात. मराठी माणसाला 'हा दृष्टान्त नव्हे' असं सांगितलं तर त्याच्या तोंडातला शब्द काढून घेतल्यासारखं होईल.

बोरू

हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. कीर्तनातला दृष्टान्त आणि अलंकारशास्त्रातला दृष्टान्त असे एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत, दोन्ही जुने आणि दोन्ही खरे. मी दुसरा सांगताना पहिल्यावर घाला घालायला नको होता. मुलांना दोन्ही सांगावेत, आणि पेपरात दुसरा लिहावा.

शाळू

मग शास्त्राच्या अर्थानं दृष्टान्त शिकवायला आमच्या मंगळवेढ्याचे चोखोबा चालतील का?

ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा । काय भुललासी वरलिया रंगा ॥

पुढे कमान डोंगी, पण तीर डोंगा नाही. नदी डोंगी, पण पाणी डोंगं नाही. डोंगा म्हणजे वाकडा. ऊस, कमान, नदी अशा तीन वाकड्या गोष्टी सांगून झाल्यावर शेवटी येतं, "चोखा डोंगा परी भाव नोहे डोंगा." कुठंही 'जैसे' नाही. चोखोबा स्वतःला त्या रांगेत शेवटी नेऊन उभे करतात. ज्यांना देवळाच्या पायरीच्या आत येऊ दिलं नाही, त्या माणसानं 'जसा ऊस तसा मी' अशी विनवणी केलेली नाही. ऊस दाखवला, नदी दाखवली, मग स्वतःचं नाव घेतलं. दुवा जोडायची जबाबदारी ऐकणाऱ्यावर टाकली. मला वाटतं 'जैसे' गाळल्यानं काय साधतं, ते यातून मुलांना नीट कळेल.

इंद्रायणी

यावर काय बोलू? उद्या आईला हे वाचून दाखवणार आहे.

अनुस्वार

दृष्टान्ताला लागूनच अर्थान्तरन्यासाचा गोंधळ असतो. मी तो एकाच श्लोकावर सोडवला. रघुनाथ पंडितांच्या नलदमयंती आख्यानात नळ हंसाला पकडतो तेव्हा:

तदितर खग भेणे वेगळाले पळाले
उपवन-जलकेली जे कराया मिळाले
स्वजन गवसला जो त्याजपाशी नसे तो
कठिण समय येता कोण कामास येतो?

तीन ओळी त्या तळ्याच्या आणि त्या पक्ष्यांच्या. चौथी ओळ सगळ्या जगाची. विशेष सांगून त्याला सामान्याचा आधार दिला, म्हणून अर्थान्तरन्यास. दृष्टान्तात दोन्ही बाजू विशेषच असतात. आणि गंमत म्हणजे चौथी ओळ श्लोकातून सुटून कधीच म्हण झाली. आमच्या चाळीत कुणाच्या घरी आजारपण आलं की माझी आजी हे म्हणायची, आणि तिला तो हंस ठाऊक नव्हता. म्हणीसारखी वापरली जाणारी कवितेची ओळ भेटली, की ती मूळ श्लोकात कुठं बसली होती ते बघायचा मला नादच लागलाय. पुष्कळदा अर्थान्तरन्यास हाती लागतो.

शाळूताईंनी श्लेषाचं विचारलं होतं, त्याचं हे माझं आवडतं: "औषध नलगे मजला." आजारी दमयंती म्हणते. आईला ऐकू येतं, औषध न लगे मजला, म्हणजे मला औषध नको. ती 'बरे' म्हणून मान डोलावते. सखीला ऐकू येतं, औषध नल गे मजला, माझं औषध नळ आहे गं! अक्षरं तीच, फक्त तोडायची जागा वेगळी. मोठ्यानं म्हणून बघितल्याशिवाय हा कळत नाही.

बोरू

सभंग श्लेषाचं याहून सुंदर उदाहरण मराठीत नाही.

तोडण्यावरून आठवलं. मम्मटानं काव्याची व्याख्या करताना म्हटलं, शब्द आणि अर्थ क्वचित 'अनलंकृती' असले, म्हणजे त्यांत अलंकार नसला, तरी काव्य होतं. चंद्रालोककार जयदेवाला हे अजिबात रुचलं नाही. त्यानं उत्तर दिलं:

अङ्गीकरोति यः काव्यं शब्दार्थावनलंकृती ।
असौ न मन्यते कस्मादनुष्णमनलं कृती ॥

अलंकाराविना काव्य मानणारा हा शहाणा उष्णतेविना अग्नी का मानत नाही? मम्मटाचा 'अनलंकृती' हाच शब्द त्यानं 'अनलं कृती' असा तोडून परत केला. अनल म्हणजे अग्नी, कृती म्हणजे शहाणा. अक्षरसमूह तोच, अर्थ वेगळा, म्हणून हे खरं यमक. आपण मराठीत केकावलीतल्या "सुसंगति सदा घडो, सुजनवाक्य कानी पडो" या शेवटच्या जुळणीलाही यमक म्हणतो, आणि ते रूढ झालंय. पण जयदेवाचं यमक बघितलं की मूळ कल्पना कळते. वादाचा मुद्दा आणि वाद घालायची रीत, दोन्ही त्यानं एकाच ठिकाणी साधलं.

तरीही या वादात मी मम्मटाच्या बाजूचा आहे.

गिरणाकाठ

मीही! आणि त्याचा पुरावा रेव्हरंड टिळकांच्या त्या मेलेल्या पाखराच्या ओळींत आहे.

मातीत ते पसरिले अति रम्य पंख
केले वरी उदर पांडुर निष्कलंक
चंचू तशीच उघडी, पद लांबवीले
निष्प्राण देह पडला, श्रमही निमाले

इथं कशालाच कशाची उपमा नाही. जे दिसलं ते सांगितलं. 'तशीच' या एका शब्दापाशी माझा घसा दाटतो. चोच तशीच उघडी, म्हणजे शेवटचा श्वास घेताना होती तशी. वर्गात याला स्वभावोक्ती अलंकार म्हणतात. मग सर, हा अलंकार मानायचा की अलंकाराचा अभाव?

बोरू

हा प्रश्न हजार वर्षांहून जुना आहे. जुना संस्कृत काव्यशास्त्रकार भामह म्हणतो, "सूर्य मावळला, चंद्र उगवला, पाखरं घरट्याकडे निघाली" हे काव्य कसलं, ही तर वार्ता. दण्डी मात्र स्वभावोक्तीला पहिला मान देतो, आद्य अलंकृती म्हणतो. पुढे कुंतकानं विचारलं, वस्तूचा स्वभाव हाच जर दागिना, तर दागिना घालायचा कुणाला? माझं मत सांगतो. वार्तेत पाखरू मेलं एवढंच कळतं. टिळकांनी चोच बघितली. त्या बघण्याला अलंकार म्हणायला माझी हरकत नाही.

शाळू

आज सकाळी पुतणीचा फोन आला होता. म्हणाली, "काकू, आजीनं लहानपणी घातलेलं कोडं आठवलं. 'सूपभर लाह्या, मधे रुपया.' चांदण्यांचं नाव नाही, चंद्राचं नाव नाही. म्हणजे ही पण 'मोती पिकले'सारखी गिळून टाकणारी अतिशयोक्तीच ना?" मी हो म्हणून बसलेय. बरोबर आहे का, बोरूसर?

बोरू

अगदी बरोबर. कुवलयानंदात हिला रूपकातिशयोक्ती म्हटलंय. शाळेत फक्त दमडीच्या तेलाची अतिशयोक्ती शिकवतात, वेशीपर्यंत ओघळ जाऊन त्यात उंट पोहतो ती. ही दुसरी राहूनच जाते, आणि आपली निम्मी कोडी हिच्यावर उभी आहेत.

तिला पुढचं कोडं घाला: "पाटीलबुवा रामराम, दाढीमिशा लांब लांब." उत्तर कणीस, ते तिला येईलच. पण यात गिळण्याशिवाय आणखी एक अलंकार लपलाय. तो कुठला, ते तिनं इथं येऊन स्वतः लिहावं.